जुहूची आखूड धावपट्टी

मुंबईत विमानतळ म्हटले की लोक सहार किंवा सांताक्रूझ म्हणतात, आणि आता त्यांत उलव्याच्या नव्या, म्हणजे नवी मुंबईच्या, विमानतळाची भर पडली आहे. शहरातला सर्वांत जुना विमानतळ मात्र या बोलण्यात सहसा येत नाही. विलेपार्ले पश्चिमेला, एस. व्ही. रोड आणि जुहू तारा रोड यांच्या मधल्या सखल जमिनीवर तो १९२८ पासून आहे, आजही चालू आहे, आणि अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर कामाला जाणारी माणसे अजूनही तेथूनच उड्डाण करतात. पार्ल्यात वाढलेल्या माझ्या पिढीला तो मुख्यतः एका लांबलचक भिंतीमुळे ठाऊक आहे. त्या भिंतीला वळसा घालून समुद्राकडे जायचे, आणि आत काय चालते ते आवाजावरून ओळखायचे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध होता.

जुहूबद्दल ‘भारतातला पहिला विमानतळ’ असे सरसकट लिहिले जाते, ते मला पटत नाही. अलाहाबादेत आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने १८ फेब्रुवारी १९११ रोजीच विमानातून टपाल नेले होते, आणि कलकत्त्याचे डमडम १९२४ पासून वापरात होते. नागरी उड्डाणांसाठी आखलेल्या देशातल्या पहिल्या काही तळांपैकी एक, आणि पहिल्या टिकाऊ भारतीय हवाई कंपनीचे माहेरघर, इतके म्हटले तरी जुहूचा मान पुरेसा राहतो. सुरुवातीला त्याला ‘विलेपार्ले एरोड्रोम’ म्हणत. मुंबईबाहेरची, भरतीच्या पाण्याने चिखल होणारी ती मोकळी जागा होती. तेथे इमारती नव्हत्या, दिवे नव्हते, आणि जमीन सपाट असणे हाच तिचा सर्वांत मोठा गुण होता.

१९२८ मध्येच बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला आणि हौशी मुंबईकरांना विमान चालवणे शिकण्याची सोय झाली. त्या काळच्या ‘मॉथ’ जातीच्या विमानांना उघडी बैठक असे, दोनच माणसे मावत, आणि उतरायला लांबलचक धावपट्टी लागत नसे. या क्लबचे सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे जे. आर. डी. टाटा. पावणेचार तासांच्या शिक्षणानंतर ते एकट्याने उडाले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक १ होता. हे सारे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे उड्डाण हा तेव्हा संपूर्णपणे श्रीमंतांचा छंद होता. छंदाचा धंदा व्हायला दुसऱ्याच एका माणसाची कल्पना कारणीभूत झाली.

तो माणूस म्हणजे नेव्हिल व्हिन्सेंट, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक. लंडनहून इंपीरियल एअरवेजचे टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत विमानाने येऊ लागले होते, पण कराचीहून पुढे मुंबई आणि मद्रासकडे जाणारी पत्रे पुन्हा आगगाडीत बसत. हा उरलेला टप्पा विमानाने जोडावा, ही व्हिन्सेंटची योजना. ती घेऊन तो जेआरडींकडे आला, जेआरडींनी आणि टाटांचे वरिष्ठ अधिकारी जॉन पीटरसन यांनी ती टाटा समूहाचे वृद्ध प्रमुख दोराबजी टाटा यांच्या गळी उतरवली, आणि बऱ्याच पत्रव्यवहारानंतर १९३२ मध्ये सरकारशी करार झाला. सरकारने अनुदान देण्याचे नाकारले. जेवढे टपाल नेले जाईल तेवढ्याचेच पैसे मिळणार होते. भांडवल सुमारे दोन लाख रुपये, जवळ दोन पुस मॉथ विमाने, आणि जुहूला माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी हे कार्यालय. या व्हिन्सेंटचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला आठवत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. १९४२ मध्ये युद्धकाळातल्या एका विमानप्रवासात तो बेपत्ता झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडी कराचीच्या द्रिघ रोड तळावरून टपालाची पिशवी घेऊन निघाले. त्यात सुमारे पंचवीस किलो पत्रे होती. अहमदाबादला इंधन भरायचे होते, आणि बर्मा शेल या तेल कंपनीचे पेट्रोल तेथे बैलगाडीतून डब्यांत भरून आणलेले होते. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. मद्रासकडे जाणारे टपाल तेथे व्हिन्सेंटच्या विमानात चढवले गेले आणि तो बेल्लारीमार्गे पुढे गेला. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवर मार्गदर्शनाची कसलीही यंत्रणा नव्हती. खाली दिसणारा किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ ओळखत जायचे, हीच दिशा शोधण्याची पद्धत होती. आज ज्याला आपण भारतीय हवाई वाहतूक म्हणतो तिचा हा आरंभ पत्रे वाहण्यातून झाला. माणसे नंतर आली, आणि तीही आधी टपालाच्या पिशव्यांशेजारी अंग चोरून बसली.

मला या इतिहासात सर्वांत आवडतो तो पावसाळ्याचा भाग. जुहूची जमीन इतकी सखल की जूनमध्ये पहिले मोठे पाऊस झाले की मैदानाचे तळे होई आणि त्यावर विमान उतरवणे अशक्य होई. म्हणून ही चिमुकली कंपनी दरवर्षी पावसाळ्यात आपले बिऱ्हाड, म्हणजे दोन विमाने, मोजके वैमानिक आणि मोजके यंत्रज्ञ, उचलून पुण्याला नेत असे. तेथे येरवड्याच्या तुरुंगाजवळचे एक मैदान त्यांना वापरायला मिळाले होते. घाटावर पाऊस मुंबईपेक्षा कमी खरा, पण कराचीहून पुण्याला यायचे म्हणजे सह्याद्री ओलांडणे आले, आणि जुलै महिन्यात ढगांनी बुडालेला सह्याद्री रेडिओविना ओलांडणे म्हणजे काय, हे ज्यांनी पावसात बोरघाटातून गाडी चालवली आहे त्यांना थोडेफार कल्पिता येईल. तरीही पहिल्या वर्षात टपाल एकदाही उशिरा पोहोचले नाही. नागरी उड्डाण खात्याने आपल्या अहवालात या शंभर टक्के वक्तशीरपणाची मुद्दाम नोंद घेतली आणि हवाई टपाल कसे चालवावे याचा नमुना म्हणून टाटांच्या सेवेकडे बोट दाखवले. पहिल्या वर्षाचा नफा होता साठ हजार रुपये. अनुदान नसताना, धावपट्टी चार महिने पाण्याखाली असताना मिळवलेला हा नफा पुढच्या काळातल्या अनेक हवाई कंपन्यांच्या ताळेबंदांशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

त्यानंतरची वाढ भराभर झाली. १९३५ मध्ये त्रिवेंद्रम, १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेरमार्गे दिल्ली असे मार्ग उघडले. जुहूची जागा सुधारली गेली, आणि महायुद्धाच्या काळात तर तळाला लष्करी महत्त्वही आले. पण युद्धानेच जुहूचे मुख्य विमानतळ म्हणून असलेले स्थान संपवले. ब्रिटिश हवाई दलाने दोन किलोमीटर पूर्वेला, सांताक्रूझला, अधिक उंच जमिनीवर अधिक लांब धावपट्ट्यांचा तळ उभारला होता. युद्ध संपल्यावर चार इंजिनांची मोठी विमाने नागरी वाहतुकीत आली आणि ती जुहूला उतरवणे शक्यच नव्हते. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली, १९४८ मध्ये व्यापारी उड्डाणे सांताक्रूझला गेली, आणि त्याच वर्षी ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. जुहू वीस वर्षांतच म्हातारे ठरले.

जुने दार बंद झाल्याचे सर्वांना लगेच कळले नाही, असे म्हणावे लागते. सांताक्रूझच्या पूर्व-पश्चिम धावपट्टीवर समुद्राकडून उतरणारे विमान जुहूवरूनच जाते, आणि जुहूची मुख्य धावपट्टीही जवळजवळ त्याच दिशेने आखलेली आहे. धुके किंवा धूसर हवा असेल, वैमानिक डोळ्यांनी पाहून उतरत असेल, तर किनारा ओलांडल्यावर त्याला आधी जुहूची धावपट्टी दिसते. १९५३ च्या जुलैमध्ये बीओएसी या ब्रिटिश हवाई कंपनीचे कॉमेट हे जेट विमान असेच चुकून जुहूला उतरले. ते सुखरूप थांबले, पण इतक्या आखूड पट्टीवरून ते पुन्हा उडवायचे कसे, हा प्रश्न सोडवायला आठवड्याहून अधिक काळ गेला. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाचे नशीब तेवढे चांगले नव्हते. सांताक्रूझ समजून ते जुहूला उतरले, आणि धावपट्टी संपली तरी विमानाची धाव संपली नाही. ते पट्टीबाहेर जाऊन मोडले आणि कायमचे निकामी झाले. शंभराहून अधिक माणसे आत होती, काही जखमी झाली, पण कोणाचाही जीव गेला नाही. त्याच कंपनीचे दुसरे एक विमान जूनमध्ये दिल्लीजवळ कोसळले होते, हे लक्षात घेतले तर जुहूच्या त्या सकाळी किती मोठा अनर्थ टळला याचा अंदाज येतो. जुहूची मुख्य धावपट्टी साधारण अकराशे मीटरची आहे. सांताक्रूझची आजची मुख्य धावपट्टी तिच्या तिप्पट आहे.

एवढ्या आखूड धावपट्टीचे शहराने काय करावे, याचे उत्तर जमिनीवर नव्हे, समुद्रात सापडले. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागरसम्राट’ या जहाजाने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले, आणि १९७६ मध्ये बॉम्बे हाय या तेलक्षेत्राचे उत्पादन सुरू झाले. तेल काढण्यासाठी समुद्रात उभारलेल्या फलाटांवर माणसे राहतात, पाळीने काम करतात, चौदा दिवसांनी बदलतात, आणि आजारी पडली तर त्यांना तातडीने किनाऱ्यावर आणावे लागते. बोटीने हे होते, पण तासन्‌तास लागतात, आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात बोटीवरून फलाटावर चढणे जिवावरचे काम असते. हेलिकॉप्टरला लांब पट्टी लागत नाही. त्याला समुद्राच्या जवळ, मोठ्या विमानांच्या रांगेपासून वेगळी, दुरुस्तीसाठी हँगर असलेली जागा लागते. जुहूचे जे जे उणे होते ते येथे चालून गेले, आणि समुद्राला लागून असणे हा जुना दोष तर थेट गुण ठरला. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचा हेलिबेस, म्हणजे हेलिकॉप्टरांचा तळ, जुहूला आहे. मुंबईतली बहुतेक नागरी हेलिकॉप्टर उड्डाणे येथूनच होतात.

सरकारने हेलिकॉप्टरांची स्वतःची कंपनी काढली ती १५ ऑक्टोबर १९८५ रोजी, म्हणजे जेआरडींच्या त्या उड्डाणाच्या तारखेलाच. हा निव्वळ योगायोग असावा. हीच पुढे पवनहंस झाली. तिची सुरुवात फारशी शुभ नव्हती. ब्रिटिश मदतीच्या पैशातून घेतलेली २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरे सुरुवातीपासून वादात होती, दोन प्राणघातक अपघात झाले, आणि १९९१ मध्ये ती सारी उभी करून ठेवावी लागली. फ्रेंच बनावटीची डॉफिन मात्र टिकली आणि अनेक वर्षे जुहूहून समुद्राकडे जाणाऱ्या वाहतुकीचा कणा राहिली. ‘पवनहंस’ हे नाव पार्ल्यात इतके रुजले की शेजारची स्मशानभूमीसुद्धा ‘पवनहंस स्मशानभूमी’ म्हणूनच ओळखली जाते, आणि कोणी सिनेकलावंत गेला की वृत्तवाहिन्यांवर हे नाव दिवसभर ऐकू येते. हेलिकॉप्टर कंपनीला कीर्ती मिळण्याचा हा मार्ग तिच्या संस्थापकांच्या मनात नक्कीच नसणार.

जुहूहून फलाटावर जाणे हे विमानप्रवासासारखे नसते. माणसाचे आणि सामानाचे वजन काटेकोरपणे मोजले जाते, कारण इंधन, अंतर आणि प्रवासी यांचा हिशेब किलोंत चालतो. अंगावर जीवरक्षक जाकीट असते. आणि जाणाऱ्याने त्याआधी एक शिक्षण घेतलेले असावे लागते, ज्यात हेलिकॉप्टरच्या आतल्या भागासारखा एक सांगाडा पाण्यात बुडवून उलटा केला जातो आणि पट्टा सोडून खिडकीतून बाहेर पडायचे असते. हे शिक्षण उगाच नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले पवनहंसचे डॉफिन समुद्रात कोसळले आणि आतले सातही जण, दोन वैमानिक आणि ओएनजीसीचे पाच अधिकारी, मृत्युमुखी पडले. २८ जून २०२२ रोजी आणखी एक हेलिकॉप्टर ‘सागर किरण’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगजवळ पाण्यात उतरले. नऊ जणांपैकी चार दगावले. मुंबईकर ज्या गोंगाटाबद्दल तक्रार करतो त्या गोंगाटात बसून ही माणसे कामाला जात असतात, हे मला तरी आता प्रत्येक वेळी आठवते.

बाकीचा वापर किरकोळ म्हणावा असा आहे, पण दिसतो तोच जास्त. उद्योगपती आणि नट, शिर्डीला जाणारे भाविक, निवडणुकीच्या हंगामात एका दिवसात तीन जिल्हे उरकणारे पुढारी, असे सारे जुहूहून उडतात. फ्लाइंग क्लब अजूनही तेथे आहे, मात्र शिकाऊ उड्डाणे आता धुळ्याच्या विमानतळावर होतात. दर दोन-चार मिनिटांनी डोक्यावरून प्रवासी विमान जात असताना नवख्याने तेथे घिरट्या घालणे परवडणारे नव्हते, त्यामुळे हे स्थलांतर योग्यच झाले असे मी मानतो. जुन्या दिवसांची आठवण काढणारी उड्डाणेही येथेच येऊन संपतात. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा केला. २०२१ मध्ये आरोही पंडित या तरुण वैमानिकाने त्याच तारखेला अहमदाबादमार्गे तीच वाट धरली, फक्त कराचीऐवजी भुजहून निघावे लागले. १९७१ च्या युद्धात गावातल्या बायकांनी जी धावपट्टी तीन दिवसांत दुरुस्त केली होती, ते हे भुज.

आता शेजाऱ्यांच्या बाजूने. विमानतळाच्या आजूबाजूला इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत, कारण उतरण्या-उडण्याच्या मार्गात अडथळा चालत नाही. जुहू, पार्ले पश्चिम आणि अंधेरीचा काही भाग एका वेळी दोन विमानतळांच्या मर्यादांत येतो. मुंबईत जुनी इमारत पाडून नवी बांधायचे अर्थकारण सारे वाढीव मजल्यांवर उभे असते. मजलेच वाढवता येत नसतील तर विकासक फिरकत नाही, आणि पन्नास-साठ वर्षांच्या इमारती टेकू लावून उभ्या राहतात. ‘फनेल झोन’, म्हणजे विमानांच्या उतरण्या-उडण्याच्या मार्गाखालचा पट्टा, हा शब्द या भागातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत इतक्या वेळा ऐकू येतो की विमानाशी आयुष्यात संबंध न आलेली आजीसुद्धा तो बिनचूक उच्चारते. भिंतीला लागून नेहरूनगरची दाट वस्ती आहे. पावसाळ्यात इर्ला नाला भरून आला की सखलपणाचा जुना दोष विमानतळाइतकाच शेजाऱ्यांनाही भोगावा लागतो.

म्हणून अधूनमधून एक मागणी पुढे येते, की हा तळ हलवावा आणि ती जमीन शहराला मोकळी करून द्यावी. उलट टोकाची योजनाही निघालेली आहे. २०१० च्या सुमारास धावपट्टी पश्चिमेकडे, जुहू तारा रोडच्या पलीकडे, थेट समुद्रात वाढवण्याचा प्रस्ताव चर्चेत होता, जेणेकरून छोटी विमाने सांताक्रूझहून इकडे वळवता येतील. तो कागदावरच राहिला, आणि राहिला ते बरेच झाले. चौपाटीवर काँक्रीट ओतून वाचणारी गर्दी एवढ्या नुकसानीच्या मोलाची नव्हती. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्यानंतर तर छोट्या विमानांसाठी जुहू वाढवण्याचा युक्तिवाद आणखी लुळा पडला आहे.

पण हलवण्याची मागणीही मला अर्धवट विचारांची वाटते. मोकळी झालेली मोठी जमीन या शहरात कोणाकडे जाते, हे गिरणगावाने पाहिलेले आहे. पार्ल्याच्या जुन्या इमारतींना मजले मिळतील खरे, पण भिंतीच्या आत जे उभे राहील त्यात त्या इमारतींतल्या रहिवाशांना घर परवडेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. उंचीच्या मर्यादांचा प्रश्न वेगळा सोडवता येईल. ज्या तळावर आज मुख्यतः हेलिकॉप्टर उतरतात त्याच्याभोवतीचे नियम विमानांच्या धावपट्टीच्या हिशेबाने किती काळ ठेवायचे, याचा तांत्रिक फेरविचार व्हायला हवा, आणि तो विमानतळ न हलवताही करता येतो. हलवायचेच म्हटले तर समुद्रावर जाणारी हेलिकॉप्टरे कोठून उडणार, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. उलवे जुहूपासून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला आहे. तेथून निघालेल्या हेलिकॉप्टरला प्रत्येक फेरीत पन्नासहून अधिक किलोमीटर जास्त उडावे लागेल, तेही मुंबईच्या गजबजलेल्या आकाशातून वाट काढत. त्या जादा अंतराचे इंधन भरायचे म्हणजे तेवढे वजन प्रवाशांतून कमी करायचे, म्हणजे तेवढ्याच माणसांसाठी फेऱ्या वाढवायच्या.